सायनसचं ऑपरेशन किती वर्षं टिकतं?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४४, राहणार बार्शी. आमची पिठाची गिरणी आहे आणि संध्याकाळी चार तास मीच तिथे बसते. सहा-सात वर्षांपासून सायनसचा त्रास आहे. दोन्ही नाकपुड्या चोंदलेल्या असतात, रात्री तोंडाने श्वास घ्यावा लागतो, घशात घट्ट कफ उतरत राहतो. दोन वर्षांपासून वास येत नाही. मागच्या महिन्यात दूध करपून पातेलं काळं पडलं, तरी मला शेजारच्या खोलीत कळलं नाही. थोडा दमाही आहे, धाप लागली तर पंप घेते. सोलापूरच्या कान-नाक-घसा डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासलं, सीटी स्कॅन केला. दोन्ही बाजूंना पॉलिप, म्हणजे नाकाच्या अस्तराचे मऊ फुगवटे, आहेत, ऑपरेशन करून घ्या म्हणाले. त्यांनी आधी स्प्रे दिला होता, पण आठ-दहा दिवसांत फरक पडला नाही म्हणून मी तो सोडला. स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या की पंधरा दिवस सगळं छान असतं, वाससुद्धा येतो, मग पुन्हा तेच. वर्षभरात त्या गोळ्या चार वेळा झाल्या. माझ्या जाऊबाईंचं हेच ऑपरेशन सहा वर्षांपूर्वी झालं आणि आता त्यांचे पॉलिप परत आलेत. सासूबाई म्हणतात, सायनसला एकदा हात लावला की दरवर्षी लावावा लागतो. नणंदेच्या मुलाने पुण्यात फुग्याचं ऑपरेशन केलं, तो तिसऱ्या दिवशी कामावर गेला. मला एवढंच सांगा, कायमचं जाणार असेल तर करते. नाही तर कशाला करायचं?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, दोन्ही बाजूंना पॉलिप, सोबत दमा आणि गेलेला वास, असा तुमचा सायनुसायटिस, म्हणजे सायनसची (नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांची) सूज, आहे. तो ऑपरेशनने कायमचा जातो, असं मी सांगणार नाही. कुणी छातीठोकपणे सांगितलं तर तुम्हीही विश्वास ठेवू नका. पण ‘नाही तर कशाला करायचं?’ याचं माझ्याकडे ठाम उत्तर आहे. या ऑपरेशनने बहुतेक रुग्णांना कित्येक वर्षं मोकळा श्वास मिळतो, आणि ही वर्षं किती, हे ऑपरेशन झाल्यावर तुम्ही नाकाची काळजी कशी घेता यावर फार अवलंबून असतं. तुमच्या पत्रातल्या काही गोष्टी वाचून मला काळजी वाटली. त्या ऑपरेशनआधीच्या आहेत. त्यांच्याकडे येतेच, पण आधी सासूबाईंचं म्हणणं बघू, कारण ते हवेतून आलेलं नाही.

त्यांच्या तरुणपणी सायनसचं ऑपरेशन म्हणजे वरचा ओठ उचलून हिरडीला छेद द्यायचा, गालाच्या हाडाला खिडकी पाडायची आणि आतलं अस्तर खरवडून काढायचं. कॉल्डवेल आणि ल्यूक या दोन डॉक्टरांनी १८९३ ते १८९७ च्या सुमारास ही पद्धत मांडली आणि ती पुढे कित्येक दशकं चालली. गाल सुजायचा, दात आणि ओठ बधिर व्हायचे. शिवाय नाकातून जाड सुई घालून सायनस धुऊन काढण्याचा प्रकार होता, तो काहींना खरोखरच पुन्हापुन्हा करावा लागे. घरात कुणी हे सोसलेलं असेल, तर ‘हात लावू नये’ असं म्हणणारच.

मग ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात डॉ. मेसरक्लिंगर यांनी वर्षानुवर्षं सायनसच्या आतल्या अस्तराचा अभ्यास केला. या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे केस असतात आणि ते आतला चिकट द्राव सतत एका ठरावीक दिशेने ढकलत असतात. सायनसचं जन्मजात तोंड जिथे असतं, तिकडेच ते ढकलतात. तुम्ही खाली दुसरी कितीही मोठी खिडकी पाडा, द्राव तिला वळसा घालून जुन्या तोंडाकडेच जातो. जुनी ऑपरेशनं का फसायची, याचं मोठं उत्तर इथे मिळालं. म्हणून मग नाकपुडीतूनच बारीक दुर्बीण घालायची, बाहेर कुठेही छेद द्यायचा नाही, जन्मजात तोंडच मोकळं करायचं आणि निरोगी अस्तराला शक्यतो धक्का लावायचा नाही, हा विचार पुढे आला. मेसरक्लिंगर यांचे सहकारी स्टामबर्गर आणि अमेरिकेतले केनेडी यांनी १९८५ च्या आसपास तो जगभर पोचवला. तुमच्या डॉक्टरांनी सुचवलेलं ऑपरेशन हे आहे. सासूबाईंना हा फरक नीट समजावून सांगा. त्यांचा विरोध मायेपोटीच आहे.

आता टिकण्याचं. या ऑपरेशनला चार दशकं झाली, त्यामुळे दीर्घकाळ पाठपुरावा केलेले अभ्यास हाताशी आहेत. त्यातले तीन तुम्हाला सांगते, कारण जाहिरातीतले आकडे आणि हे आकडे यांत बरंच अंतर आहे.

केनेडींच्याच रुग्णांचा सरासरी पावणेआठ वर्षांनंतरचा आढावा १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळजवळ सगळ्यांनी ‘आधीपेक्षा बरं आहे’ असं सांगितलं, पण सुमारे १८ टक्के लोकांना मधल्या काळात पुन्हा ऑपरेशन लागलं होतं. ही एका अत्यंत निष्णात सर्जनच्या हातची गोष्ट, हेही लक्षात ठेवायला हवं.

इंग्लंड आणि वेल्समधला अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो साध्या सरकारी रुग्णालयांमधला आहे. लहान-मोठ्या अनेक रुग्णालयांतल्या ३,००० हून जास्त रुग्णांना ऑपरेशनआधी आणि नंतर एक २२ प्रश्नांची यादी भरायला दिली होती. नाक बंद आहे का, झोप लागते का, वास येतो का, कामात लक्ष लागतं का, असे प्रश्न. जितका त्रास जास्त तितके गुण जास्त, कमाल ११०. ऑपरेशनआधी सरासरी होती ४२. तीन महिन्यांनी ती साधारण २५ वर आली आणि पाच वर्षांनी होती २८. म्हणजे तीन महिन्यांत जो आराम मिळाला, त्यातला बराचसा पाच वर्षांनीही टिकून होता. पण २८ म्हणजे शून्य नव्हे. निरोगी माणसालाही या यादीत सात-आठ-नऊ गुण पडतात. आधी सोसला त्याहून बराच कमी आणि सोबत घेऊन जगता येईल एवढा त्रास सरासरी माणसाला उरला. या पाच वर्षांत सुमारे १९ टक्के लोकांना पुन्हा ऑपरेशन लागलं. पॉलिप असलेल्यांमध्ये हे प्रमाण साधारण २१ टक्के होतं आणि पॉलिप नसलेल्यांमध्ये १५-१६ टक्के. पाच वर्षांनी निम्म्याहून कमी रुग्णांनीच उत्तर पाठवलं होतं, त्यामुळे हे आकडे काळ्या दगडावरची रेघ मानू नयेत. पण ते दिशा नीट दाखवतात.

तिसरा अभ्यास थेट तुमच्यासारख्या रुग्णांचा. बेल्जियममधल्या गेंट शहरात पॉलिपचं ऑपरेशन झालेल्या ३८ जणांना १२ वर्षांनी पुन्हा तपासलं. त्यातल्या ३० जणांच्या नाकात दुर्बिणीतून पाहिल्यावर पुन्हा पॉलिप दिसले होते. वाचून धस्स होतं ना? पण पुढचा आकडाही वाचा. या काळात पुन्हा ऑपरेशन लागलं फक्त १४ जणांना. बाकीच्यांना पॉलिप असूनसुद्धा औषधांवर निभावलं, आणि सगळ्या गटाचा त्रास १२ वर्षांनंतरही ऑपरेशनआधीच्यापेक्षा कमीच होता. ‘परत आले’ आणि ‘वाया गेलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ताई. दुर्बिणीला दिसणारा बारीकसा पॉलिप आणि तुमची रात्रीची झोप मोडणारा पॉलिप यांत फार अंतर असतं.

असं का होतं, हेही समजून घ्या. पॉलिप हे मूळ दुखणं नाही. शेतातली हरळी वरवर कापली तर पुन्हा फुटते, तसं पॉलिपचं आहे. त्यांचं मूळ अस्तराच्या सुजेत असतं. ती सूज ॲलर्जीची, दम्याशी जोडलेली, शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीच्या चुकीच्या वळणाची असते. सर्जन पॉलिप काढतो, सायनसची तोंडं मोकळी करतो. सुजेची प्रवृत्ती मात्र तशीच राहते. ती दाबून ठेवायचं काम स्टेरॉइडचा स्प्रे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं यांचं. ऑपरेशनआधी हे औषध सायनसच्या आत जवळजवळ पोचतच नाही. तोंड साधारण ४ मिलिमीटरपेक्षा मोठं झालं, की धुण्याचं पाणी आत शिरू लागतं. म्हणून मी माझ्या रुग्णांना सांगते की ऑपरेशन हे औषधासाठी वाट करून देणं आहे. वाट झाली आणि तिच्यावरून औषध गेलंच नाही, तर ती पुन्हा बुजते.

इथेच मला तुमच्या जाऊबाईंविषयी विचारावंसं वाटतं. ऑपरेशननंतर त्यांनी स्प्रे किती दिवस वापरला? नाक धुणं चालू होतं का? दरवर्षी दुर्बिणीतून तपासणी झाली का? बहुतेकदा असं घडतं की पहिल्या दोन-तीन महिन्यांत इतकं बरं वाटतं, की माणूस डॉक्टरांकडे जाणं थांबवतो आणि स्प्रेची बाटली कपाटात राहते. मी हे त्यांना दोष देण्यासाठी म्हणत नाही. ‘आता हे आयुष्यभर करायचं आहे’ असं त्यांना कुणी स्पष्ट सांगितलंच नसेल. शिवाय त्रास परत येण्याची कारणं अनेक असतात. पॉलिप खरंच वाढतात, हे एक. कधी आत दोन भाग एकमेकांना चिकटून वाट बंद होते. कधी पहिल्या वेळी काही खोल कप्पे उघडायचे राहून जातात. कधी वरच्या दाढेच्या मुळाशी पू असतो आणि तो वरच्या सायनसमध्ये उतरत राहतो. हा त्रास बहुधा एकाच बाजूला असतो, दुर्गंधी येते, आणि दाताचा इलाज होईपर्यंत नाकाचं कितीही ऑपरेशन करा, उपयोग होत नाही.

एक कारण तर सायनसचं नसतंच. आपल्याकडे कपाळ दुखलं की ‘सायनस वाढला’ म्हणायची सवय आहे. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ‘मला सायनसची डोकेदुखी आहे’ असं म्हणणाऱ्या सुमारे तीन हजार लोकांना नीट तपासलं, तर त्यातल्या ८८ टक्के लोकांचं दुखणं मायग्रेनसारखं निघालं. अशा माणसाचं सायनस ऑपरेशन झालं तर डोकेदुखी राहणारच, आणि दोष ऑपरेशनला मिळणार. तुमच्या पत्रात डोकेदुखीचा शब्द नाही. नाक बंद, कफ, वास जाणं, आणि दुर्बिणीत दिसलेले पॉलिप, हे सगळं तुमच्या निदानाच्या बाजूने आहे. जाऊबाईंना नेमका त्रास कसला होतो ते मात्र एकदा विचारा, आणि त्यांना पुन्हा तपासणीला पाठवा. त्यांचा मार्ग संपलेला नाही.

फुग्याच्या ऑपरेशनबद्दल थोडक्यात. सायनसच्या तोंडात बारीक फुगा सरकवून तो फुगवायचा आणि तोंड रुंद करायचं, काही कापायचं नाही, अशी ही पद्धत. अमेरिकेत तिला २००५ मध्ये मान्यता मिळाली. आजार मर्यादित असेल, मुख्यतः गालातल्या सायनसचा असेल आणि पॉलिप नसतील, तर दोन वर्षांपर्यंतचे निकाल नेहमीच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनइतकेच चांगले आहेत, असं नीट केलेल्या तुलनेत दिसलं आहे. नणंदेच्या मुलाला तसाच आजार असावा. तुम्हाला पॉलिप आहेत, आणि फुगा पॉलिप काढत नाही. त्यामुळे त्याचा विचार सोडून द्या. कुणी ‘बिना कापाकापी, एका दिवसात’ म्हणून तुम्हाला तेच करायचा आग्रह केला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

आता मला ज्या गोष्टींची काळजी वाटली, त्या. पहिली, स्टेरॉइडच्या गोळ्या वर्षात चार वेळा. हे फार झालं. वर्षाला एखादा, फार तर दोन छोटे कोर्स, यापलीकडे जाऊ नये. वाढती साखर, हाडांचा ठिसूळपणा, डोळ्यांतला मोतीबिंदू आणि काचबिंदू, हे सगळं हळूहळू आणि न कळत येतं. पुढच्या वेळी मेडिकलमधून जुनी चिठ्ठी दाखवून त्या गोळ्या आणू नका. आणि एवढ्या वेळा झाल्यात, तर साखर आणि रक्तदाब एकदा तपासून घ्या.

दुसरी, स्प्रे आठ-दहा दिवसांत सोडलात. गोळ्यांसारखा झटपट परिणाम त्याचा नसतो. तो रोज, निदान आठ ते बारा आठवडे वापरावा लागतो. त्यातलं औषध रक्तात फार कमी जातं, म्हणून तो वर्षानुवर्षं वापरला तरी गोळ्यांसारखा धोका नाही. मारण्याची पद्धतही महत्त्वाची. मान किंचित पुढे झुकवायची, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने नळी धरायची, म्हणजे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे वळतं. मधल्या पडद्यावर मारत राहिलं तर तिथून रक्त येतं. मारल्यावर जोरात आत ओढायचं नाही, नाही तर सगळं औषध घशात जातं. आणि नाक पटकन मोकळं करणारे थेंब हे या स्प्रेपेक्षा अगदी वेगळे असतात. ते चार-पाच दिवसांच्या वर वापरले तर नाक आणखी चोंदतं.

म्हणून माझा सल्ला असा. पुढचे तीन महिने रोज सकाळ-संध्याकाळ नाक धुवा आणि त्यानंतर स्प्रे घ्या. ऑपरेशन टाळण्यासाठी म्हणून हे सांगत नाही. पॉलिप मोठे असतील तर नुसत्या स्प्रेने ते जाणार नाहीत, आणि तीन महिन्यांनी त्रास तसाच असेल तर मी तुम्हाला ऑपरेशन करून घ्या असंच सांगेन. उगाच वर्षानुवर्षं लांबवणंही बरं नाही. इंग्लंडच्या त्याच रुग्णांमध्ये, आजार सुरू झाल्यावर लवकर ऑपरेशन झालेल्यांचा फायदा पाच वर्षांहून जास्त थांबलेल्यांपेक्षा चांगला टिकला होता. तीन महिन्यांचा आग्रह एवढ्यासाठी, की ऑपरेशननंतर जे जन्मभर करायचं आहे त्याची सवय आधीच लागलेली बरी. आज ज्याला दिवसातून दोनदा नाक धुणं जमत नाही, त्याला भूल उतरल्यावर अचानक जमेल, असं माझ्या पाहण्यात क्वचितच आलं आहे.

नाक धुणं म्हणजे आपली जलनेतीच. एक पेलाभर, म्हणजे साधारण २४० मिलिलिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. बिनआयोडीनचं मीठ मिळालं तर उत्तम. पण पाणी उकळून गार केलेलंच हवं, ही अट मोडू नका. नळाचं, बोअरचं, टाकीचं पाणी थेट नाकात घालायचं नाही. साध्या पाण्यात क्वचित एक अमीबा असतो, तो पोटात गेला तर काही होत नाही, पण नाकावाटे मेंदूपर्यंत गेला तर जीव घेतो. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात २०११ मध्ये नळाच्या पाण्याने जलनेती करणारे दोन जण असेच दगावले. पाणी खळखळून उकळायचं, एक-दोन मिनिटं उकळू द्यायचं, झाकून गार करायचं. नेतीचं भांडं किंवा बाटलीही रोज धुऊन वाळवायची.

गिरणीबद्दल तुम्ही सहज लिहिलंत, पण माझ्या दृष्टीने ती मोठी गोष्ट आहे. पिठाची धूळ नाकाला आणि दम्याला दोन्हींना वाईट. कामाच्या ठिकाणी असा त्रासदायक धूर-धूळ सोसणाऱ्यांना सायनसचं ऑपरेशन पुन्हा करावं लागण्याचं प्रमाण जास्त असतं, हे बेल्जियममधल्याच दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं आहे. धंदा बंद करा असं मी कुठल्या तोंडाने सांगणार? पण गिरणीत बसताना एन-९५ मास्क, साधा कापडी नव्हे. हवा बाहेर फेकणारा पंखा लावून घ्या. झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. पिशव्या झटकायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या. आणि संध्याकाळचं नाक धुणं गिरणी बंद करून घरी आल्यावर लगेच करा, झोपायच्या वेळेपर्यंत थांबू नका. ज्या दिवशी गिरणी बंद असते, त्या दिवशी तुम्हाला बरं वाटतं का, याकडे लक्ष द्या आणि डॉक्टरांना सांगा.

दम्याचंही तसंच. ‘धाप लागली तर पंप’ यावर राहू नका. ऑपरेशनआधी दमा काबूत असावाच लागतो, आणि बहुतेकांचा दमा ऑपरेशननंतर सुधारतो, कारण नाक आणि फुप्फुसं एकाच श्वासमार्गाची दोन टोकं आहेत. आणखी एक गोष्ट आठवून पाहा. डोकेदुखी-अंगदुखीची एखादी गोळी घेतल्यावर तासा-दोन तासांत नाक गच्च बंद होऊन धाप लागली, असं कधी झालंय का? काही लोकांना पॉलिप, दमा आणि ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकांचं वावडं, असं तिन्ही एकत्र असतं. त्यांच्यात पॉलिप लवकर आणि पुन्हापुन्हा येतात, आणि त्यांच्या उपचाराची आखणीच वेगळी करावी लागते. असं झालं असेल तर डॉक्टरांना न विसरता सांगा, ऑपरेशननंतर कोणती वेदनाशामक गोळी द्यायची तेही त्यावर ठरतं.

वासाबद्दल. गोळ्यांनी तुमचा वास परत येतो, ही फार चांगली खूण आहे. वासाची नस जिवंत आहे आणि वाट अडलेली आहे, असा त्याचा अर्थ. ऑपरेशननंतर तो सुधारण्याची शक्यता बरीच आहे, पण नाक मोकळं होण्याइतकी त्याची खात्री देता येत नाही, आणि सूज परतली की सगळ्यांत आधी वासच जातो. तोपर्यंत स्वयंपाकघरात गॅसगळती ओळखून वाजणारं यंत्र बसवून घ्या. सिलिंडरचा वास तुम्हाला येणार नाही, ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत हवी.

धोक्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. सायनसला लागून एका बाजूला डोळा आणि वर मेंदूचं आवरण असतं. तिथे इजा होणं शक्य असतं, पण ते फार क्वचित. इंग्लंडच्या त्या तीन हजारांवर रुग्णांमध्ये गंभीर गुंतागुंत झाली ११ जणांना. सहसा पूर्ण भूल देतात, एक रात्र ठेवून घेतात. पहिले दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, वाकून जड उचलायचं नाही. पिठाचे डबे, पोती, काहीही नाही. शिंक आली तर तोंड उघडून येऊ द्यायची. खपल्या साफ करायला डॉक्टर दोन-तीनदा बोलावतील, त्या भेटी चुकवू नका. ऑपरेशनइतकंच महत्त्व त्यांना आहे. आणि घरी गेल्यावर डोळा सुजला, दोन-दोन दिसू लागलं, नजर अंधुक झाली, नाकातून एका बाजूने पाण्यासारखा पातळ खारट द्राव ठिबकू लागला, किंवा मान आखडून ताप आला, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं. २०२१ मध्ये करोनानंतर काळ्या बुरशीच्या रुग्णांची सायनसची ऑपरेशनं झाली, काहींचे डोळे गेले, हे आपल्या सगळ्यांच्या मनात ताजं आहे. तो आजार संपूर्ण वेगळा होता. तुमच्या पॉलिपमध्ये ॲलर्जीची बुरशी सापडली तरी ती तशी जीवघेणी नसते, फक्त तिच्यासाठी औषधं जास्त काळ घ्यावी लागतात.

डॉक्टरांकडे परत जाल तेव्हा विचारा, की काढलेले पॉलिप तपासणीला पाठवणार ना? त्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी किती आहेत, यावरून पुन्हा येण्याची शक्यता बरीच कळते. आणि पॉलिप वारंवार आलेच तर पुढे काय, हेही विचारून ठेवा. आता सूज मुळाशीच थोपवणारी इंजेक्शनं आली आहेत. दुपिलुमॅब हे त्यातलं एक, २०१९ पासून अमेरिकेत पॉलिपसाठी मान्य झालेलं. पण त्यांचा खर्च प्रचंड आहे आणि ती थांबवली की आजार परतू शकतो. पहिल्याच ऑपरेशनआधी त्यांचा विचार करण्याची तुम्हाला गरज नाही.

शेवटी पैशांचं. तुमचा आरोग्य विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा. पुष्कळ पॉलिसींमध्ये सायनसच्या आजारांना पहिली दोन वर्षं संरक्षण नसतं. पॉलिसी नवी असेल आणि ती मुदत काही महिन्यांवर आली असेल, तर डॉक्टरांशी बोलून तोवर औषधांवर काढता येईल का ते बघा. मध्ये हप्ता चुकू देऊ नका, नाही तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाऊ शकते. ऑपरेशनआधी रुग्णालयाकडून लेखी अंदाजपत्रक घ्या, आणि त्यात नंतरच्या सफाईच्या भेटींचा खर्च धरला आहे का, तेही विचारून घ्या.